डायपोलसाठी ३२ फुटी खांब

आमच्या कोकणात खांबाची खरी परीक्षा मे महिन्याअखेर वळीव आला की होते. त्यामुळे ७ मेगाहर्ट्झच्या डायपोलसाठी, म्हणजे रेडिओच्या तारेच्या अँटेनासाठी, बांबू नको. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइपच घ्या, बी क्लासचा, म्हणजे मध्यम जाडीचा: खाली दोन इंची २० फूट, त्यात दीड इंची १५ फूट. तीन फूट आत सरकवून दोन आरपार बोल्ट मारा.

पाइप काँक्रीटमध्ये गाडू नका, पाणी साचून नेमका तिथेच गंजतो. काँक्रीटवर बिजागरीची पट्टी बसवली की खांब आडवा करून दुरुस्ती करता येते. ताण, म्हणजे खांबाला उभं धरणाऱ्या तिरप्या तारा, दोन उंचींवर, प्रत्येकी तीन, १२० अंशांवर. ताणांच्या खुंट्या खांबापासून २० ते २५ फुटांवर. तार गॅल्व्हनाइज्डच हवी. नायलॉनची दोरी उन्हात कुजते, स्वस्त म्हणून लोक तीच बांधतात!

आता आकाशातल्या विजेसाठी अर्थिंग. जांभ्यात ओल टिकत नाही, एक सळई पुरत नाही. दहा फुटी तांब्याच्या दोन-तीन सळया, दहा-दहा फुटांवर, तांब्याच्या पट्टीने जोडा. पट्टीला काटकोनी वळण देऊ नका, वीज सरळ वाट शोधते. हे अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडलंच पाहिजे. वेगळं ठेवलं तर दोन्हींतल्या व्होल्टेजच्या फरकामुळे करंट तुमच्या रेडिओतून वाहील. कोअॅक्स (अँटेनाची केबल) घरात शिरते तिथे अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारं उपकरण) बसवा, तोही याच पट्टीवर. तरीही गडगडाट सुरू होण्याआधीच केबल काढून ठेवा.

आणि महावितरणच्या तारांपासून खांबाच्या उंचीच्या दीडपट लांब राहा. उभा करताना चार माणसं हवीतच.