महासभेत आपल्या माणसाचा सत्कार करायचाय? आधी त्याचं नाव नीट विचारून घ्या

नाशिकला रविवार कारंजाजवळ माझा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं आणि मानपत्रं. मानपत्रांवर कुणाचं पोट चालत नाही, पण दोन पानांच्या कामाला तीन प्रुफं काढायला दुसरं कुणी तयार नसायचं, म्हणून शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळापासून संगणकावरच्या डीटीपीपर्यंत ती माझ्याकडेच येत राहिली. आता मशीन विकलंय, तरी लोक घर शोधत येतात. "काका, आमच्या गल्लीतल्या पोरीनं पदक आणलंय. महापालिकेत सत्कार व्हायला पाहिजे. काय करायचं?" दर वेळी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

आधी हे ठरवा की तुम्हाला सत्कार हवाय की ठराव. कालिदास कलामंदिरात पाहुणे बोलावून हार घालणं वेगळं आणि महासभेत अभिनंदनाचा ठराव होणं वेगळं. पहिल्याला हॉल, माइक, सूत्रसंचालक आणि वेळेवर न येणारा प्रमुख पाहुणा लागतो. दुसऱ्याला एक नगरसेवक आणि एक स्वच्छ लिहिलेला कागद पुरतो. लोक पहिल्यासाठी वर्गणी काढतात आणि दुसरं आपल्या आवाक्यातलं नाही म्हणून सोडून देतात. खरं तर दुसरं स्वस्त आहे, आणि ते महापालिकेच्या दप्तरात राहतं.

ठराव करायला सभागृह मात्र असावं लागतं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. मधल्या काळात, सप्टेंबर २०२४ मध्ये, बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारताच्या संघानं सुवर्ण मिळवलं. त्या संघात आपला विदित गुजराथी होता. पेपरात फोटो आले, कौतुक झालं, पण ज्या सभागृहात कुणी नगरसेवकानं उभं राहून त्याचं नाव घ्यायचं, तिथल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. विदितचं काही अडलं नाही. तुमच्या गल्लीतल्या ज्या मुलीनं त्याच वर्षी राज्य स्पर्धेत पदक आणलं, तिचं मात्र राहून गेलं. त्या चार वर्षांतलं असं कुणी असेल तर जुनं झालं म्हणून संकोच करू नका. द्या नाव.

आता नगरसेवक कोणता धरायचा? आपल्याकडे १२२ जणांचं सभागृह आहे आणि प्रभाग बहुतेक चार-चार सदस्यांचे. लोक ओळखीच्या एकाकडे जातात आणि उरलेले तिघे रुसतात. मग सभेत सत्कार राहतो बाजूला आणि 'आम्हाला विश्वासात घेतलं नाही' हाच विषय होतो. चौघांकडेही जा. एकाला सूचक करा, दुसऱ्या पक्षाच्या एखाद्याला अनुमोदक. उरलेल्या दोघांची नावं अर्जात 'यांच्या सहकार्याने' म्हणून घाला. सहकार्य काय केलं ते कुणी विचारत नाही. पक्षाचं म्हणाल तर अभिनंदनाच्या ठरावाला कुणी विरोध केल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. त्यामुळे अनुमोदक विरोधी बाकावरचा मिळाला तर उलट शोभा वाढते.

वेळेचं गणित पाळा. कायद्याप्रमाणे महिन्याला निदान एक साधारण सभा, तीही २० तारखेच्या आत, आणि सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. म्हणजे विषयपत्रिका महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच तयार होते. अभिनंदनाचे ठराव आयत्या वेळी महापौरांच्या परवानगीनंही मांडले जातात, पण त्या भरवशावर राहू नका. आधीच्या महिन्याच्या अखेरीस राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात जाऊन नगरसचिवांच्या कार्यालयात पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का नसलेला कागद म्हणजे दिलेलाच नाही असं समजा.

पत्रात रोख बक्षिसाची मागणी करू नका. मोह होतो, मला कळतं. पण पैशाचं नाव निघालं की लेखाशीर्ष, तरतूद, स्थायी समिती असा प्रवास सुरू होतो आणि पोरगी लग्नाला येईपर्यंत फाइल फिरत राहते. बक्षीस हवंच असेल तर त्याचा अर्ज वेगळा करा. अभिनंदन मोकळं ठेवा.

पत्र एका पानाचं असावं. काय केलं, कधी केलं, कुठे केलं, आणि पुराव्यांच्या झेरॉक्स. 'समाजकार्याबद्दल' असं कधीच लिहू नका. समाजकार्य सगळेच करतात, निदान फ्लेक्सवर तरी. नगरसेवकाला उभं राहून वाचता येईल असा ठरावाचा मसुदाही सोबत जोडा. आयता मिळाला तर तो तसाच वाचतात. नाही मिळाला तर मनानं बोलतात, आणि मग तुमच्या नावाड्या मुलीला जलतरणपटू करून टाकतात. मसुदा असा:

"प्रभाग क्रमांक … मधील रहिवासी कु. … यांनी दिनांक … रोजी … येथे झालेल्या राज्यस्तरीय रोइंग स्पर्धेत … गटात रौप्यपदक मिळवले. त्या गेली चार वर्षे गोदावरीच्या पात्रात रोज पहाटे सराव करीत आहेत. त्यांचे वडील रिक्षा चालवतात. ही सभा त्यांचे अभिनंदन करीत आहे."

चार वाक्यं. वडिलांचं वाक्य घालण्याआधी त्यांना विचारा. एका वडिलांनी मला ते काढायला लावलं होतं. म्हणाले, "रिक्षा मी चालवतो, नाव ती चालवते. माझं काय काम तिथं?" मी मुकाट्यानं काढलं.

मानपत्र द्यायचं असेल तर तिथं माझा धंदा येतो, तेव्हा जरा ऐसपैस सांगतो. सभागृहात उभ्यानं वाचलं जाणारं मानपत्र दोनशे शब्दांच्या पुढे गेलं की मागच्या बाकांवर चहाच्या गोष्टी सुरू होतात. 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व', 'ऊर अभिमानाने भरून येतो', 'आपल्या कार्याचा सुगंध दरवळत राहो' ही वाक्यं माझ्याकडे पूर्वी जुळवूनच ठेवलेली असायची, इतकी लागायची. खिळे मोडले ते बरंच झालं. त्याऐवजी एक पाहिलेली गोष्ट लिहा. रात्रशाळेत शिकवणाऱ्या एका बाईंच्या मानपत्रात आम्ही एवढंच लिहिलं, की फळ्याजवळचा दिवा गेला तेव्हा त्यांनी नवा बसेपर्यंत तीन आठवडे वर्ग जिन्यातल्या दिव्याखाली घेतला. सभागृहात तेवढ्या एका ओळीला शांतता झाली होती.

कागद जाड घ्या, पण चकचकीत नको. फोटोत फ्लॅशनं अक्षरं पांढरी पडतात. सोनेरी शाईचंही तेच. नाव सगळ्यात मोठं. महापौरांचं नाव त्याहून मोठं करायचा आग्रह झाला तर 'मग ओळ मावत नाही' म्हणा. मी आयुष्यभर हेच सांगत आलो आणि ते कधी कुणी मोजून पाहिलं नाही.

आता नावाचं. हे सगळं मी लिहायला घेतलं ते खरं यासाठीच.

रामकुंडाच्या बाजूला एक पोहणारा आहे. आता केस पिकलेत त्याचे. लहानपणापासून गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) वाढलेला, बुडणाऱ्याला बाहेर काढणं हे त्याचं रोजचं काम. २०१९ च्या पुरात नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, तेव्हा त्यानं दोघांना ओढून काठाला आणलं. आमच्या पंचवटीतल्या मंडळींनी ठरवलं, याचं अभिनंदन महासभेत झालंच पाहिजे. मानपत्र माझ्याकडे आलं. मी अनुभवी माणूस. नावात चूक नको म्हणून त्याचं आधार कार्ड मागवलं आणि तिथलं तीन शब्दांचं नाव, वेलांट्या-उकारांसकट, दोनदा ताडून छापलं.

सभेच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून बायकोसोबत प्रेक्षकांत बसला होता. शोक प्रस्ताव झाला, सगळे दोन मिनिटं उभे राहिले, मग अभिनंदनाचा विषय आला. नाव पुकारलं. कुणी उठेना. पुन्हा पुकारलं. सभागृहानं टाळ्या वाजवल्या आणि हाही टाळ्या वाजवत बसला. दुसऱ्या कुणाचा तरी सत्कार आहे असं त्याला वाटलं. बायकोलाही. ते आधारवरचं नाव शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी लिहिलेलं, आणि शाळा त्यानं दुसरीत सोडलेली. घाटावर, घरात, पोलिसांच्या तोंडी त्याचं नाव वेगळंच. शेवटी मागून कुणीतरी त्या नावानं हाक मारली तेव्हा तो दचकून उठला आणि 'मी काय केलं' अशा चेहऱ्यानं पुढे गेला.

हसले सगळे, तोही हसला. माझं मात्र डोकं खाली. ज्या गावात विष्णु वामन शिरवाडकर या नावानं हाक मारली तर निम्मे लोक क्षणभर थांबतील आणि कुसुमाग्रज म्हटलं की लगेच माना वर करतील, त्या गावातला छापखानेवाला मी. त्यांचं तर जन्मनाव गजानन, दत्तक गेल्यावर विष्णु, आणि कवितेखालचं तिसरंच. हे पाठ असून मला विचारायचं सुचलं नाही.

तेव्हा पहिलं प्रूफ घेऊन माणसाच्या घरी जा आणि स्पष्ट विचारा: "तुम्हाला लोक काय म्हणतात?" कागदावरचं नाव घ्या, हाकेचं नावही घ्या, आणि दोन्ही छापा. पुकारणाऱ्याला हाकेचं नाव आधी द्या. लग्न झालेल्या बाईंना माहेरचं आडनाव हवंय का तेही त्यांनाच विचारा, घरच्यांना नाही. प्रूफ त्यांच्याकडून वाचून घ्या. वाचता येत नसेल तर तुम्ही मोठ्यानं वाचा. फोनवर वाचून दाखवलं म्हणजे झालं असं नाही.

सभेच्या दिवसाचं थोडक्यात. प्रवेशाची सोय नगरसेवकाकडून आदल्या दिवशी करून ठेवा. दिलेली वेळ अकराची असेल तर बारा धरा. सत्कार शोक प्रस्तावानंतर लगेच घ्यायची विनंती करा, कारण एकदा पाणीपुरवठ्याचा विषय निघाला की सदस्य महापौरांच्या आसनासमोर जमतात आणि तुमच्या ऐंशीच्या आजी शाल न मिळता संध्याकाळी घरी जातात. एखादा मोठा माणूस गेला असेल तर श्रद्धांजली वाहून सभा तहकूबही होते. म्हणून बाहेरगावच्या नातेवाइकांना रजा टाकून बोलावण्याआधी त्या सकाळी चौकशी करा. शाल-श्रीफळ महापालिकेचं. फुलं तुम्ही नेणार असाल तर खरी न्या. एके काळी ज्या गावाचं नाव गुलशनाबाद होतं तिथं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली कापडी फुलं कुणाच्या हातात देऊ नयेत, एवढंच म्हणतो. फोटोग्राफरला एक फोटो फक्त सत्कारमूर्तीचा काढायला सांगा. बाकीच्या फोटोंत बाराजण असतातच.

त्यानंतरचं काम कुणी करत नाही. पुढच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त कायम होतं. त्याआधी तुमच्या नगरसेवकाला सांगून ठरावातलं नाव, तारीख, स्पर्धेचं नाव तपासून घ्या. चूक असेल तर दुरुस्ती सुचवायची हीच वेळ. कायम झालं की ठराव क्रमांकासह त्याची नक्कल मागा. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शालीला कसर लागते, सन्मानचिन्हाची काच पडदा धुताना फुटते. नक्कल प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागदपत्रांबरोबर ठेवा.

घाटावरच्या माणसाच्या ठरावात आम्ही अशीच दुरुस्ती करून घेतली. आधारवरच्या नावापुढे 'उर्फ' टाकून त्याचं खरं नाव. मानपत्रही माझ्या खर्चानं पुन्हा छापलं आणि सकाळी गंगेवर घेऊन गेलो. तो नुकताच पाण्यातून वर आलेला, अंगावरून पाणी निथळत होतं. मी कागद पुढे केला तर दोन पावलं मागे सरकला.

"काका, हात ओले आहेत. वाचून दाखवा आणि घरी बायकोकडे द्या."

मी वाचलं. नावाच्या ओळीला थांबलो.

"हां," तो म्हणाला, "हाच मी."