क्राफ्टवर्क ऐकायला जाण्याआधी

क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीताच्या गटाचं तिकीट हातात आलं की पहिल्यांदा एकच पाहायचं: कार्यक्रम थ्रीडी आहे का. असेल तर दारातच पुठ्ठ्याचा चष्मा देतात, आणि मुळातच चष्मा लावणाऱ्यांची तिथे पंचाईत होते. चष्म्यावर चष्मा चढवला की वरचा सारखा नाकावरून घसरतो. मी निम्मा कार्यक्रम तो एका बोटाने धरून पाहिलाय. लेन्स असतील तर त्या दिवशी त्याच घाला. पडद्याचा व्हिडिओ काढायच्या भानगडीत पडू नका, मोबाइलमध्ये सगळं दुहेरी आणि धूसर येतं.

भारतातून युरोपात जाणार असाल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निदान पंधरा दिवस आधी तरी तो गेलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा.

आता कान. यात कंजुषी नको. ८५ डेसिबल इतका मोठा आवाज कानांना आठ तास चालतो, पण पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. कानात घालायचे फोमचे बोळे स्वस्त असतात, पण ते वरचे, बारीक आवाज जास्त खातात, आणि या मंडळींची अर्धी गंमत त्या बारीक टिकटिकीतच आहे. फिल्टरवाले इअरप्लग घ्या, म्हणजे सगळे आवाज साधारण सारखेच कमी करणारे बोळे. फोमचेच असतील तर बोटांत वळून सुईसारखे बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी खोचला तर त्याचा उपयोग शून्य.

आधी थोडं ऐकून जा, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको, तिथे बास पोचतच नाही. त्यांची १९७४ची ‘आउटोबान’ ही रचना बावीस मिनिटांची आहे, ती एका बैठकीत ऐका. सोबत कोणाला नेणार असाल तर आधीच सांगून ठेवा की चार माणसं चार टेबलांमागे जवळजवळ न हलता उभी असतात. माझ्या मित्राने विचारलं होतं, "हे ईमेल बघतायत का?" १९७०मध्ये डुसेलडोर्फला गट काढणाऱ्या दोघांपैकी आता राल्फ ह्युटरच उरलेत; फ्लोरियान श्नायडर २०२०मध्ये गेले.

बूट जुने, पायाला बसलेले घाला. मुक्काम चालत जाण्याच्या अंतरावर बघा, शेवटच्या ट्रेनच्या भरवशावर राहू नका. अखेरीस एकेक जण आपला तुकडा वाजवून, वाकून नमस्कार करून निघून जातो. जमा केलेले कोट घ्यायची रांग टाळायला काही लोक नेमके तेव्हाच सटकतात. तुम्ही थांबा, ह्युटर सगळ्यांत शेवटी जातात.