मॅकबुकमधील एसएमसी रिसेट करताना

लॅपटॉपवर काहीच जड काम चालू नसताना पंखा जोरात फिरत राहतो, चार्जर जोडूनही बॅटरी चार्ज होत नाही किंवा झाकण उघडल्यावर पडदा काळाच राहतो, तेव्हा दोष पुष्कळदा एसएमसीमध्ये, म्हणजे वीजपुरवठा, पंखे व बॅटरी सांभाळणाऱ्या नियंत्रकात असतो. मात्र आधी चार्जर आणि सॉकेट बदलून पाहावे. पुढचा खटाटोप अनेकदा तिथेच वाचतो.

एसएमसी रिसेट केल्याने फायली पुसल्या जात नाहीत, तरीही उघडे काम सेव्ह करून लॅपटॉप पूर्ण बंद करावा. टी२ चिप असलेल्या, म्हणजे साधारणतः २०१८ पासूनच्या इंटेल मॅकबुकमध्ये डावीकडील कंट्रोल व ऑप्शन आणि उजवीकडील शिफ्ट ७ सेकंद दाबून धराव्यात, त्या न सोडता पॉवर बटणही आणखी ७ सेकंद दाबावे, मग सर्व सोडून काही सेकंदांनी लॅपटॉप सुरू करावा. उजव्याऐवजी डावी शिफ्ट दाबणे ही इथली नेहमीची चूक आहे. टी२ नसलेल्या, पण बॅटरी आत बसवलेल्या जुन्या मॅकबुकमध्ये मात्र डावीकडच्याच तिन्ही कळा पॉवर बटणासह १० सेकंद धराव्या लागतात.

एम१ व त्यापुढील चिपच्या मॅकबुकना ही कृती लागू नाही. तेथे लॅपटॉप बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा. बॅटरी फुगलेली दिसली, तर यातले काहीही न करता चार्जर काढून लॅपटॉप थेट दुरुस्तीला द्यावा.