स्टँडिंग स्टार्ट सुधारताना: मागे पडणारे पाऊल

पुण्यातील सणस मैदानावर मी ८०० मीटरचा सराव करू लागले, तेव्हा वर्षभर माझे सारे लक्ष दम वाढवण्यावर होते. एका सकाळी मैत्रिणीने माझी स्टँडिंग स्टार्ट, म्हणजे उभ्याने केलेली सुरुवात, बाजूने, संथ गतीत मोबाइलवर टिपली, आणि शिट्टी वाजताच माझा मागचा पाय आणखी मागे जातो व मगच मी पुढे निघते, हे मला प्रथमच दिसले. नवख्या धावपटूंमध्ये हा दोष फार आढळतो, पण धावताना तो स्वतःला जाणवत नाही.

त्याचे कारण उभे राहण्यातच असते. पाय जवळजवळ ठेवून ताठ उभे राहिल्यास शरीराचा भार बरोबर पायांवर येतो. पुढे झेपावायला मागे टेकू लागतो, म्हणून शरीर आपणहून पाय मागे टाकते. तो टेकू आधीच मागे असावा. पुढचा पाय रेषेला न लागता तिच्या लगत ठेवावा, मागचा साधारण दीड बुटाच्या अंतरावर, चवड्यावर टेकवावा, दोन्ही गुडघे किंचित वाकवावेत, आणि कमरेतून पुढे झुकून बहुतेक भार पुढच्या चवड्यावर घ्यावा. पुढच्या पायाच्या विरुद्ध बाजूचा हात पुढे हवा; उजवा पाय आणि उजवाच हात पुढे असेल, तर पहिल्याच पावलाला लय बिघडते. कोणता पाय पुढे ठेवावा हे ठरत नसेल, तर सरळ उभे राहून तोल जाईपर्यंत पुढे झुकावे. सावरण्यासाठी जो पाय आपोआप पडतो, तो मागे ठेवावा.

४०० मीटरपेक्षा लांबच्या शर्यतीत ‘सेट’ (तयार) ही सूचना नसते. ‘ऑन युवर मार्क्स’ (जागेवर या) या सूचनेनंतर सर्व जण स्थिर झाले की थेट पिस्तुलाचा आवाज होतो, आणि हात जमिनीला लावता येत नाहीत. त्यामुळे झुकलेल्या अवस्थेत न डुलता थांबणे हे वेगळे कौशल्य आहे आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित तेच आहे. मी रोज त्या स्थितीत पाच सेकंद निश्चल राहण्याचा सराव केला, तेव्हा कुठे पिंडऱ्यांचे थरथरणे थांबले.

सुटल्यावर एकदम ताठ होऊ नये; पहिली पावले आखूड आणि जोरकस टाकून दहा-पंधरा मीटरांत हळूहळू उभे व्हावे. तळजाईच्या चढावर २० मीटरच्या सहा धावा, प्रत्येकीनंतर दोन मिनिटांची पूर्ण विश्रांती, यातून मला हे जमले, कारण चढावर शरीर पुढे झुकलेलेच राहते.

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. त्या गर्दीत सुटताना कोपरे अंगालगत ठेवावीत आणि पहिली ३० मीटर आपली सरळ रेषा सोडू नये. आतल्या कडेकडे लगेच वळणाऱ्यांचेच पाय एकमेकांत अडकतात.