मयत झाल्यावरची धावपळ : या चुका आधीच टाळा

घरात वयस्क माणूस अंथरुणाला खिळलेला असतो, दिवस थोडे आहेत हे सगळ्यांना कळत असतं, तरी विषय काढायची हिंमत कोणी करत नाही. ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून सगळे गप्प. मग रात्री दोनला तो माणूस जातो आणि दारातच वाद सुरू होतो. गावी न्यायचं की इथेच? विद्युतदाहिनी की लाकडं? ते नेत्रदानाचं काहीतरी बोलले होते ना? आमच्या आळीत कोणाकडे मयत झालं की मदतीला मी जातो. तिथे दिसणारे बहुतेक घोळ या गप्प बसण्यातूनच आलेले असतात.

शेवटची इच्छा मृत्युपत्रात लिहिणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. मृत्युपत्र उघडलं जातं तेरावं उरकल्यावर. ‘माझा देह मेडिकल कॉलेजला द्यावा, दिवस करू नयेत’ हे तेव्हा वाचून काय करायचं? त्यात ते एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये असेल तर आणखी कटकट. मालमत्तेचं मृत्युपत्र वेगळं ठेवा, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. अंत्यविधीचा कागद वेगळा करा. एक पान पुरतं : दहन की दफन, कुठे, नेत्रदान-देहदान हवं का, विधी किती करायचे, कोणाला कळवायचं, आणि शेवटचा शब्द कोणाचा. ‘ताई ठरवेल, बाकीच्यांनी तिचं ऐकायचं’ एवढं एक वाक्य लिहिलेलं असलं तरी भावंडांमधली किती भांडणं टळतात.

तो कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवा. देहदानाचा फॉर्म भरलेला असला तरी मृत्यूनंतर कॉलेजला कळवायचं असतं नातेवाइकांनीच, आणि जवळच्या एखाद्याने हरकत घेतली की ते राहून जातं. शवविच्छेदन झालं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर कॉलेज देह घेत नाही, म्हणून दुसरी सोयही लिहून ठेवा.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की घरचे हात जोडून एकेक सांगू लागतात. ‘धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ.’ ‘आईला अंतर देणार नाही.’ त्या वेळी प्रत्येकाचा चेहरा बघवत नाही. गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते घाटावर चाचपडायची वेळ का आणायची? खाटेशेजारी बसा आणि विचारा. बरेच म्हातारे याची वाटच बघत असतात.

व्हेंटिलेटरबद्दलही याच वेळी बोला. बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत, असं आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलं आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेता येतं.

डॉक्टरला आधी न विचारणं

मृत्यू घरी झाला तर कारणाचा दाखला, म्हणजे फॉर्म 4 अ, शेवटच्या आजारात उपचार करणारा डॉक्टर देतो. त्या दाखल्यासाठी फी घ्यायची नाही, असं कायदाच सांगतो. पण ज्या डॉक्टरने पेशंटला कित्येक महिन्यांत पाहिलेलंच नाही, तो सही कशी करणार? आणि दाखला नसेल तर स्मशानात अडतं. म्हणून फॅमिली डॉक्टरला अधूनमधून घरी बोलवा आणि ‘रात्री-अपरात्री फोन केला तर याल ना?’ हे स्पष्ट विचारून ठेवा.

पडून, भाजून, विषबाधेने किंवा अपघाताने मृत्यू झाला असेल तर पोलिसांना कळवावंच लागतं. बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलं आणि काही आठवड्यांनी माणूस गेला, तर ते पडणंही डॉक्टरला सांगा. ‘हार्ट अटॅक लिहा हो, पोस्टमार्टेम नको’ असा आग्रह धरू नका. अपघात विम्याचा दावा नेमका तिथेच अडतो.

डॉक्टर येईपर्यंत पापण्या मिटवा, हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधा, हातपाय सरळ करा, अंगठ्या काढा. काही तासांत शरीर ताठ होतं, मग जमत नाही. नेत्रदान करायचं असेल तर ते 6 तासांच्या आत व्हायला हवं. पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, पापण्यांवर ओला कापूस ठेवा. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता, म्हणून माघार घेऊ नका.

पेसमेकर असेल तर दहनाआधी डॉक्टरकडून काढून घ्या. आगीत त्याचा स्फोट होऊ शकतो.

दफनाची जागा गृहीत धरणं

दफनाला नुसती जागा असून भागत नाही, तिच्यावर हक्कही लागतो. सोलापूर-लातूरकडून पुण्या-मुंबईत आलेल्या लिंगायत घरांना हे फार जाणवतं. त्यांच्यात देह बसलेल्या स्थितीत समाधिस्थ करतात, म्हणजे खड्डा वेगळ्या मापाचा आणि खणणाराही जाणकार हवा. शहरात समाजाची दफनभूमी कुठे आहे, चावी कोणाकडे असते, याची चौकशी आधीच करा. ख्रिस्ती कुटुंबांनी आपलं नाव पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चकडे, नोंदलेलं आहे का ते बघावं. कबर कायमची मिळणार की काही वर्षांनी उघडून पुन्हा वापरणार, हेही विचारावं, नाहीतर नंतर मनाला फार लागतं. मुस्लिम घरांत दफन शक्य तितकं लवकर करतात, तिथे डॉक्टरचा दाखला आणि कब्रस्तानच्या ट्रस्टचा नंबर हाताशी हवा.

नोंद भलत्याच ठिकाणी करायला जाणं

‘सातबारा वाईचा, मग नोंद वाईलाच करू’ हे चालत नाही. मृत्यू पुण्यातल्या दवाखान्यात झाला तर नोंद पुणे महापालिकेतच होते. मुदत 21 दिवसांची. त्यानंतर विलंब शुल्क, 30 दिवसांनंतर स्वसाक्षांकित कागद आणि परवानगी, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दवाखाना नोंद पाठवतो, पण फॉर्मवर नाव सांगतो तो घाईत असलेला भाचा. आधारवर ‘सुमन’, सातबाऱ्यावर ‘सुमनबाई’, बँकेत माहेरचं आडनाव. मग दुरुस्तीसाठी हेलपाटे. त्या फॉर्मजवळ आधार कार्ड घेऊन घरचा माणूस उभा राहू दे.

पैशांची घाई

गेलेल्या माणसाच्या एटीएम कार्डाने किंवा यूपीआयने पैसे काढू नका, भले खर्च त्याच्याच अंत्यविधीचा असो. इतर वारसांनी बोट दाखवलं तर निस्तरणं अवघड. नॉमिनीला पैसे मिळाले म्हणजे ते त्याचेच झाले, असंही नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. पेन्शन असेल तर बँकेला लगेच कळवा, जास्तीची जमा झालेली रक्कम परत मागतात. मागे राहिलेल्या जोडीदाराची फॅमिली पेन्शनही कळवल्याशिवाय सुरू होत नाही. जोडीदाराचं नाव पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, बरोबर लिहिलेलं आहे का, हे दोघं हयात असतानाच तपासून घ्या.