नॅनोटेक फॅसिलिटीत नवीन आहात? माझा पहिल्या वर्षाचा अनुभव

पीएचडीच्या पहिल्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या नॅनो फॅसिलिटीचं, म्हणजे अतिसूक्ष्म डिव्हाइस बनवायच्या आणि तपासायच्या लॅबचं, अ‍ॅक्सेस कार्ड हातात पडलं तेव्हा मला वाटलं, चला, आता स्लॉट बुक करायचा, मशीनवर बसायचं, झालं. पण ही लॅब आपल्या गाइडची नसते, सगळ्यांची असते. फिजिक्सवाले, केमिस्ट्रीवाले, बायोवाले, बाहेरच्या कंपन्यांचे लोक, सगळे त्याच एका चेंबरमध्ये आपापलं सॅम्पल टाकत असतात, आणि तुम्ही आत जे सोडून जाता ते पुढच्याच्या सॅम्पलवर जाऊन बसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्या, आपल्या सॅम्पलवर काय काय आहे आणि ते कुठल्या कुठल्या मशीनमधून फिरून आलंय हे स्टाफला आधीच सांगून टाकायचं.

सोन्याचंच बघा. सिलिकॉन तापलं की सोनं त्यात भराभर पसरतं आणि तिथे इलेक्ट्रॉन-होल, म्हणजे वीज वाहून नेणारे कण, फार लवकर संपवून टाकतं, म्हणजे डिव्हाइस कामातून गेलं. सोनं लागलेला एक वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, चुकून स्वच्छ ऑक्सिडेशन फर्नेसमध्ये, म्हणजे ऑक्साइडचा थर चढवायच्या भट्टीत, गेला तर भट्टीची ट्यूबच खराब होते, आणि त्यानंतर येणाऱ्या कितीतरी लोकांना आपले डिव्हाइस का चालत नाहीत हे कळत नाही. म्हणूनच सोन्यासाठी चिमटे वेगळे, बीकर वेगळे असतात. मला सुरुवातीला हे फारच कडक वाटायचं, आता अजिबात वाटत नाही.

गाऊनिंगला, म्हणजे क्लीनरूमचे कपडे चढवायला, घाई करू नका. क्लीनरूम म्हणजे हवेतले कण गाळून काढलेली खोली, आणि क्लास १०० म्हणजे एका घनफूट हवेत ०.५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जास्तीत जास्त १०० कण, नवीन भाषेत आयएसओ ५, म्हणजे घनमीटरला ३५२०. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. खोलीतली सगळ्यात मोठी घाण आपणच, त्वचेचे कण, केस, पावडर, मेकअप. हेअरनेट, हूड, मग सूट, मग बूट, असं वरून खाली घालत यायचं आणि सूटचा बाहेरचा भाग जमिनीला लागू द्यायचा नाही. साधी वही आत नेता येत नाही, तिचे तंतू सुटतात, म्हणून क्लीनरूमचा वेगळा कागद मिळतो. पेन्सिलही नाही. लिथोग्राफीच्या, म्हणजे प्रकाशाने पॅटर्न उमटवायच्या, खोलीत दिवे पिवळे असतात कारण फोटोरेझिस्टला, म्हणजे सॅम्पलवरच्या प्रकाशसंवेदी लेपाला, निळा आणि यूव्ही प्रकाश चालत नाही, दोन तासांनी बाहेर आलं की सगळं निळसर दिसतं, घाबरू नका.

केमिकलबद्दल मात्र मी थोडं लांबण लावणार आहे. एचएफ म्हणजे हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड सिलिकॉनवरचं ऑक्साइड काढायला वापरतात, ते काच खातं म्हणून भांडी प्लॅस्टिकची. त्याची भीती अशी की पातळ द्रावण हातावर पडलं तर लगेच दुखतही नाही, ते आत झिरपत जातं, शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि दुखायला लागतं तोपर्यंत उशीर झालेला असतो. बाटली उघडायच्या आधी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कुठे आहे ते बोट ठेवून बघा, तारीखही बघा. थेंब पडलाय अशी नुसती शंका आली तरी लगेच पाण्याखाली हात, मग जेल, मग थेट हॉस्पिटल, आणि हे करताना शेजारच्याला हाक मारा. एकट्याने वेट बेंचवर, म्हणजे केमिकलच्या ओट्यावर, काम करायचंच नाही. पिरान्हा म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, बहुतेक ठिकाणी ३:१, त्याच्या आसपास अ‍ॅसिटोन आणायचं नाही, स्फोट होऊ शकतो. आणि वापरलेलं पिरान्हा झाकण घट्ट लावून ठेवायचं नाही, त्यातून गॅस निघत राहतो.

आता माझी चूक. एसईएमचं, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं, ट्रेनिंग होऊन आठवडा झाला होता, घाईत मी सॅम्पलचा स्टब, म्हणजे सॅम्पल चिकटवायची छोटी बैठक, ग्लोव्ह न घालता उचलला आणि लोड केला. इमेज छान आली, जरा झूम आउट केलं तर जिथे जिथे मी आधी थांबले होते तिथे तिथे बारीक काळे चौकोन उमटलेले. बोटांचं तेल व्हॅक्यूममध्ये सुटतं आणि इलेक्ट्रॉन बीम पडेल तिथे त्याचा कार्बन जमत जातो, ते हे चौकोन. मी काही न बोलता, लॉगबुकात काही न लिहिता निघून गेले. दुसऱ्या दिवशी एका सीनियरच्या सॅम्पलवर तेच चौकोन, बिचारीचा अख्खा स्लॉट गेला, आणि ती दिवसभर स्वतःच्या प्रोसेसमध्ये चूक शोधत बसली. संध्याकाळी मी स्टाफमधल्या सरांना जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "काल सांगितलं असतंस तर रात्री चेंबर प्लाझ्माने साफ करून ठेवला असता." तेव्हापासून काहीही वेगळं झालं की मी लॉगबुकात लिहिते.

स्लॉटचं गणित पण शिकून घ्या. पैसे तासावर लागतात, आणि नवीन माणूस हमखास कमी वेळ धरतो, व्हॅक्यूम व्हायचा वेळ मोजतच नाही. लिफ्ट-ऑफ असेल, म्हणजे रेझिस्ट विरघळवून त्यावरचं नको असलेलं सोनं काढायचं असेल, तर सॅम्पल रात्रभर अ‍ॅसिटोनमध्ये राहू द्या, बीकरवर झाकण आणि नाव, तारीख, केमिकल लिहिलेलं लेबल. सकाळी सोन्याचा पापुद्रा सुरकुत्या पडून आपोआप सुटतो आणि खाली नेमका पॅटर्न उरलेला दिसतो, ते बघायला खरंच फार भारी वाटतं. फक्त मध्येच सॅम्पल बाहेर काढून सुकू देऊ नका, सुटलेले तुकडे परत चिकटतात आणि मग निघत नाहीत. अ‍ॅसिटोनमधून थेट आयपीएमध्ये, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, मग नायट्रोजनच्या झोताने सुकवायचं.

हल्ली नवीन मुलांना एसईएम मीच शिकवते. स्टबला हात लावायच्या आधी त्यांना ती काळ्या चौकोनांची जुनी इमेज दाखवते आणि ती कोणाची आहे तेही सांगते.