क्रूझवर टिप देताना या चुका टाळा (आमच्या बहुतेक सगळ्या करून झाल्यात)

ग्रॅच्युइटी म्हटलं की आपल्याकडे पाच वर्षं नोकरी झाल्यावर मिळते ती. सासरे बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे पहिल्या क्रूझवर तिसऱ्या दिवशी केबिनमधल्या टीव्हीवर बिल बघत होतो तेव्हा प्रत्येकाच्या नावापुढे रोज "ग्रॅच्युइटी, ग्रॅच्युइटी" अशी ओळ पडलेली बघून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, अगं ही आपल्याला मिळायची असते ना, आपण कशी काय भरतोय? हसलो सगळे. पण मला आतून घाम फुटला होता, कारण ती ओळ म्हणजे क्रूझवरची टिपच, हे मलाही माहीत नव्हतं, आणि तोवर मी केबिनवाल्याला पाच, बारवाल्याला दोन, वेटरला पाच असे डॉलर वाटत सुटले होते.

त्यानंतर अजून दोन क्रूझ झाल्या आणि डायनिंग टेबलवर, लिफ्टमध्ये भेटलेल्या आपल्या लोकांशी बोलून एवढं कळलं की चुका सगळ्यांच्या साधारण त्याच असतात, आणि त्यातल्या निम्म्या होतात कारण टिपचा विचार आपण शेवटच्या रात्री करतो. तो घरी, तिकीट काढतानाच करायचा असतो.

बुकिंग करताना ती ओळ न बघणं

ही सगळ्यात महाग चूक. बहुतेक मोठ्या कंपन्या दर माणशी दर दिवशी एक ठरलेली रक्कम आपोआप बिलात टाकतात. कुणी तिला ग्रॅच्युइटी म्हणतं, कुणी सर्व्हिस चार्ज, कुणी क्रू अप्रिसिएशन, गोष्ट एकच. अलीकडे रॉयल कॅरिबियन साध्या केबिनला 18.50 डॉलर घेत होती, स्वीटला (मोठ्या महागड्या केबिनला) 21. नॉर्वेजियन 20 घेत होती. दर दोनेक वर्षांनी वाढतोच त्यामुळे तुमच्या तारखेचा दर कंपनीच्या साइटवर बघा, माझ्यावर जाऊ नका. आता हिशोब करा, चार माणसं, सात रात्री, 18.50 ने 518 डॉलर. डॉलर 90 रुपये धरला तर साडेशेहेचाळीस हजारांच्या वर! आणि हे जाहिरातीतल्या मोठ्या अक्षरातल्या किमतीत नसतं बरं का.

"आमचा मुलगा तीन वर्षांचा आहे, त्याचे कसले पैसे" असं धरून चालू नका. काही कंपन्या दोन-तीन वर्षांखालच्या पोरांना सोडतात, काही तान्ह्या बाळाचेही पूर्ण लावतात. उलट ज्यांच्यात टिप तिकिटातच धरलेली असते अशाही कंपन्या आहेत, ब्रिटनच्या पी अँड ओने 2019 मध्ये ही वेगळी रक्कम बंदच केली, आणि सिल्व्हरसी, रीजेंट, सीबोर्न या महागड्या बोटींवर ती तिकिटातच असते. तिथे जाऊन रोज नोटा काढत बसलात तर तुमची हौस.

आपल्याकडून ग्रुप टूरने जाणाऱ्यांचा घोळ वेगळा असतो. कोटेशनमध्ये "टिप्स इन्क्लुडेड" असं लिहिलेलं असतं पण ती बोटीची की टूर मॅनेजर आणि बस ड्रायव्हरची, हे कुणी विचारत नाही. स्पष्ट विचारा, आणि "जहाजाची ग्रॅच्युइटी आधीच भरली आहे" हे ज्यात दिसतं तो कन्फर्मेशनचा कागद मागून घ्या, फोनवरच्या "हो हो मॅडम सगळं आहे"वर जाऊ नका. मुंबईहून गोवा, लक्षद्वीपला जाणाऱ्या बोटीचं बुकिंग करतानाही हीच ओळ शोधा.

मी आता सरळ आधीच भरून टाकते, बुकिंगच्या वेळी किंवा निघायच्या आधी. एक तर साधारणपणे त्या वेळचा दर लागतो, आणि दुसरं म्हणजे सुट्टीत रोज बिल उघडून जीव जळत नाही.

बारच्या पावतीवरची रिकामी ओळ

ही माझी खास चूक, सात दिवस केली. तुम्ही ड्रिंक मागवता, कार्ड देता, तो पावती आणि पेन आणून ठेवतो. 14 डॉलरचं ड्रिंक, खाली 18 टक्के ग्रॅच्युइटी म्हणजे 2.52, एकूण 16.52, हे सगळं बारीक अक्षरात छापलेलंच असतं. त्याच्या खाली "अॅडिशनल ग्रॅच्युइटी" म्हणून एक रिकामी ओळ आणि मग सही. अंधार, गाणी चालू, चष्मा केबिनमध्ये, आणि आपल्याला वाटतं की अमेरिकन हॉटेलसारखी टिप इथे लिहायची असते, म्हणून मी प्रत्येक वेळी इमानदारीत तीन लिहीत गेले. टिप देऊन झालेली होती, मी वर परत टिप देत होते. रिकामी ओळ रिकामी सोडली तर कुणी वाईट बघत नाही. नुसती रेघ मारा आणि सही करा.

ड्रिंक पॅकेज घेतलं असेल तर ते 18-20 टक्के पॅकेजच्या किमतीवरच आधी घेतलेले असतात. नॉर्वेजियनसारख्या कंपन्यांची गंमत अशी की पॅकेज "फ्री" मिळतं पण त्याच्या मूळ किमतीवरची 20 टक्के ग्रॅच्युइटी आपण भरायची, म्हणजे फुकटच्या शर्टाची शिलाई. स्पामध्येही 18 ते 20 टक्के आपोआप लागतात आणि ते रोजच्या ग्रॅच्युइटीहून वेगळे असतात, मालिश करून गुंगीत सही करू नका. जास्तीचे पैसे देऊन जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये बऱ्याचदा टिप त्या किमतीतच धरलेली असते, मेन्यूच्या तळाशी वाचा.

ज्याला द्यायची त्याला न देणं

सगळं आपोआप कापतात म्हटल्यावर लोक पाकिटात एकही सुटी नोट न घेता बंदरावर जातात. मायामी, फोर्ट लॉडरडेल, किंवा एडिसन-जर्सी सिटीच्या आपल्या लोकांना जवळ पडणारं न्यू जर्सीतलं बेयॉन, कुठूनही निघा, टर्मिनलच्या दारात तुमच्या बॅगा घेणारा हमाल बोटीचा माणूस नसतो. तो बंदराचा कामगार. रोजच्या ग्रॅच्युइटीतला एक पैसा त्याला जात नाही. बॅगेमागे एक-दोन डॉलर हा रिवाज. आमच्याकडे पन्नासच्या नोटा, नवरा म्हणाला सुट्टे मागू का, मी म्हटलं हमालाकडे सुट्टे मागणारे आपण कोण, आणि शेवटी दहाची एक नोट सासूबाईंच्या बटव्यात निघाली.

रूम सर्व्हिसवाल्याचंही थोडं असंच. काही ठिकाणी डिलिव्हरीचा चार्ज आणि त्यावर टक्के लावलेले असतात, काही ठिकाणी सकाळचा चहा-नाश्ता फुकट असतो आणि आणणाऱ्याला काहीच मिळत नाही. फुकट असेल तेव्हा दोन-तीन डॉलर द्या. स्वीटमध्ये राहून बटलर मिळाला असेल तर त्याचं बघा, काही कंपन्यांच्या रोजच्या रकमेत त्याचा वाटा नसतो. बंदरावर उतरून टूर घेतली तर तिथला गाइड आणि ड्रायव्हर हाही बोटीच्या हिशोबाबाहेरचा. कॅरिबियन आणि अलास्कात त्यांना टिप देतातच, जपानमध्ये मात्र देऊ नका, समोरच्याला अवघडल्यासारखं होतं.

आणि कॅप्टनला टिप द्यायची नसते. हे लिहावं लागतंय कारण आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी फोटो काढून झाल्यावर खिशात हात घातला होता.

शेवटच्या रात्री "टिप काढून टाका" म्हणून रांगेत उभं राहणं

यावर जरा सविस्तर बोलते. बऱ्याच कंपन्यांत गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन ही रोजची रक्कम कमी करता येते किंवा पूर्ण काढता येते (काहींत सक्तीचीच असते). शेवटच्या रात्री तिथे लांबच लांब रांग असते आणि, लाज वाटते पण खरं आहे, त्या रांगेत आपली मराठी हिंदी गुजराती बरीच ऐकू येते. माझे मामा पण होते. त्यांचं म्हणणं, मी ज्याने काम केलं त्याला हातात देईन, कंपनीला कशाला देऊ. ऐकायला पटतं. पण ती रक्कम फक्त तुमच्या समोरच्या दोघांची नसते, कपडे धुणारे, मागे भांडी घासणारे, बुफे भरणारे, ज्यांचं तोंड तुम्हाला सात दिवसांत एकदाही दिसलं नाही त्यांचाही त्यात वाटा असतो. काही कंपन्यांत तर असा नियम आहे की प्रवाशाने ग्रॅच्युइटी काढली असेल तर त्याने दिलेली कॅश कर्मचाऱ्याने सगळ्यांच्या वाट्यात जमा करायची. म्हणजे मामांचे वीस डॉलर हातात पडले पण खिशात गेलेच असतील असं नाही.

या बोटी बहामा, पनामा अशा देशांत रजिस्टर केलेल्या असतात, अमेरिकेचा किमान पगार तिथे लागू होत नाही, आंतरराष्ट्रीय नियमाने आठवड्याला 72 तासांपर्यंत काम चालतं, आणि टिपवर पोट असलेल्या कामात टिप हाच पगाराचा मोठा भाग असतो. आपल्याला हे लांबचं वाटायला नको. गोव्यात अशा बोटीवाल्यांना तारवटी म्हणतात, मुंबईत धोबी तलावला त्यांच्या गावागावांच्या कुडी होत्या, बोट मिळेपर्यंत राहायच्या जागा. कोकणातून आजही पोरं जातात.

आमच्या केबिनचा स्टुअर्ड सावंतवाडीकडचा निघाला. बिल्ल्यावर नाव आणि खाली इंडिया, सासूबाईंनी मराठीत "बाळा चहा मिळेल का रे" विचारलं तसा तो थांबलाच, "काकू, तुमचो गाव खंयचो?" सासूबाईंचं माहेर कुडाळ. झालं, पुढचे पाच दिवस टॉवेलचा हत्ती, माकड, हंस सगळं आमच्याकडे जास्तीचं. आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, पोरगी घरी झाली ती व्हिडिओ कॉलवर बघितलेली. मी त्याला सरळ विचारलं की तुम्हाला काय बरं पडतं. तो म्हणाला, "मॅडम, ते रोजचं कट होतं तेवढं राहू दे, वर दिलं तर आनंद आहे, नाही दिलं तरी चालेल. पण शेवटी मेलवर तो फॉर्म येतो ना, त्यात नाव लिहा. बरेच जण नुसतं गुड सर्व्हिस लिहितात, ते कुणाचं?" एवढंच. नाव आणि केबिन नंबर.

सर्व्हिस खरंच वाईट असेल तर? मग दुसऱ्या दिवशी बोला, सातव्या रात्री नाही. आमच्या दुसऱ्या क्रूझवर केबिनमध्ये दोन दिवस ओले टॉवेल तसेच पडले होते, तिसऱ्या सकाळी सुपरवायझरला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत. तक्रार न करता शेवटी पैसे कापले की ती शिक्षा आहे हे कुणाला कळतही नाही.

कॅश द्यायची तर

मनापासून कुणाला वेगळं द्यावंसं वाटलं तर सगळं शेवटच्या रात्रीवर टाकू नका, त्या रात्री तो दहा केबिनच्या बॅगा काढत असतो आणि नेमका सापडत नाही. आम्ही अर्धं दुसऱ्या दिवशी दिलं, अर्धं शेवटच्या संध्याकाळी. आठवड्याला वीस-तीस डॉलर केबिनवाल्याला, डायनिंगमध्ये ज्या जोडीने रोज "नो ऑनियन, नो गार्लिक" लक्षात ठेवलं त्यांना तेवढेच. पाकीट गेस्ट सर्व्हिसेसला मागितलं तर मिळतं, पण साधा घडी घातलेला कागदही चालतो.

नोटाच द्या. नाणी देऊ नका, त्यांना ती बदलता येत नाहीत, बार्सिलोनाला जमलेली युरोची चिल्लर क्रूच्या हातात ओतणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात. बहुतेक बोटींवरचं चलन डॉलर असतं, भूमध्य समुद्रात एमएससी, कोस्टावर युरो. रुपये फक्त आपल्या माणसाला चालतील आणि तेही घरी गेल्यावर. सासूबाईंनी सावंतवाडीवाल्याला पाचशेची नोट आणि सीलबंद चकलीचं पाकीट दिलं, त्याने चकली आधी घेतली. पण चकली टिपच्या ऐवजी नको, टिपच्या वर.

घोळ झालाच असेल तर

आधी भरलेली असूनही रोज कापली जातेय असं दिसलं तर दुसऱ्याच दिवशी कन्फर्मेशन घेऊन काउंटरवर जा, दुपारी दोन-तीनला गर्दी कमी असते. चुकून पावतीवर जास्त लिहिलं असेल तर बोटीवर असतानाच सांगा, उतरल्यावर ईमेलची रडगाणी महिनाभर चालतात आणि बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. भारतातलं कार्ड लावलं असेल तर फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनासाठी बँक लावते तो जादा आकार) आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे बोटीचं बिल आणि बँकेचं स्टेटमेंट जुळत नाही म्हणून घाबरू नका. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड लावलं तर बोट रोज थोडी रक्कम अडवून ठेवते आणि ती सुटायला बरेच दिवस जातात, आमचे मधल्या बंदरावर शॉपिंगचे पैसेच त्यात अडकले होते, तेव्हा क्रेडिट कार्ड लावा.

शेवटच्या पहाटे दारात बिल येतं किंवा अॅपवर दिसतं, उतरायच्या आधी ते बघा. आणि उतरल्यावर परत तोच बंदराचा हमाल असतो हे विसरू नका, चार-पाच सुटे डॉलर त्याच्यासाठी राहू द्या. आम्ही सगळे स्टुअर्डला देऊन मोकळे झालो होतो, त्यामुळे रिटायर्ड बँक मॅनेजरने पार्किंगपर्यंत दोन बॅगा स्वतः ओढत नेल्या, आणि गाडीत बसताना म्हणाले, आता माझी ग्रॅच्युइटी काढा.